मेजर जे-ला आम्ही 'नाही' का म्हटलं? सोनोमाच्या पशुपालन प्रस्तावाबद्दल वारंवार विचारले जाणारे प्रश्न

५ नोव्हेंबर २०२४ ला कॅलिफोर्नियातल्या सोनोमा काउंटीच्या मतदारांनी मेजर जे हा प्रस्ताव फेटाळला. त्याआधी अनेक महिने आणि त्यानंतरही मला तेच तेच प्रश्न येत राहिले. कधी सॅन फ्रान्सिस्कोभोवतालच्या बे एरियातल्या मराठी कुटुंबांकडून, कधी कोल्हापूर-सांगलीकडच्या नातेवाइकांकडून, तर कधी व्हीगन झालेल्या मुलांच्या आयांकडून. माझं माहेर वारणाकाठचं आणि घर सोनोमा काउंटीतल्या पेटालुमा शहराजवळ. मी कुंपणाला 'नो ऑन जे'ची पाटी लावली होती, दारोदार फिरलेही होते. त्यामुळं इथली उत्तरं तटस्थ नाहीत, हे आधीच सांगते. समोरच्या बाजूचे जे मुद्दे मला पटतात, तेही त्या त्या ठिकाणी लिहिले आहेत.

१. मेजर जे म्हणजे नेमकं काय होतं?

सोनोमा काउंटीत 'कॅफो' या वर्गात बसणाऱ्या सगळ्या पशुपालनांवर बंदी घालणारा हा प्रस्ताव होता. नवीन उघडायला मनाई, आणि जी चालू आहेत त्यांनी तीन वर्षांत एकतर जनावरं कमी करायची, नाहीतर कुलूप लावायचं. मुदत संपल्यावरही चालू ठेवलं तर दंड: पहिल्या उल्लंघनाला दिवसाला १,००० डॉलर, दुसऱ्याला ५,००० आणि पुढं १०,००० डॉलर. मंजूर झाला असता तर अशी बंदी घालणारी सोनोमा ही अमेरिकेतली पहिली काउंटी ठरली असती. 'कॅफो'चा अर्थ पुढच्याच उत्तरात आहे, आणि सगळा वाद त्या एका शब्दात आहे.

२. 'कॅफो' म्हणजे काय? किती जनावरं झाली की गोठा कॅफो ठरतो?

हा शब्द अमेरिकेच्या केंद्रीय जलप्रदूषण नियमांतला आहे. 'कोंडून, दाटीनं खाऊ घातलेल्या जनावरांची जागा' असा त्याचा साधारण अर्थ. आधी एक अट पाहतात: जनावरं वर्षभरात मिळून ४५ दिवस किंवा त्याहून जास्त बंदिस्त असतात का, आणि ज्या जागेत बंदिस्त असतात तिथं गवत-पीक उगवत नाही ना. हे दिवस सलग असायला लागत नाहीत.

त्यानंतर डोकी मोजायची. ७०० किंवा जास्त पूर्ण वाढलेल्या दुभत्या जातीच्या गाई असल्या की 'मोठा' कॅफो. यात भाकड गाईही धरतात, म्हणजे आज दूध देणाऱ्या साडेपाचशे आणि आटलेल्या दीडशे असल्या तरी आकडा पुरा झाला. कोरड्या विष्ठेच्या पद्धतीत अंड्यांच्या कोंबड्यांसाठी हा आकडा ८२,००० आहे, ब्रॉयलरसाठी १,२५,०००.

२०० ते ६९९ गाई असतील तर 'मध्यम' कॅफो, पण त्याला आणखी एक अट लागते: गोठ्याचं सांडपाणी चर-नळातून ओढ्या-नदीत जात असलं पाहिजे, किंवा बंदिस्त जागेतूनच वाहणाऱ्या पाण्याशी जनावरांचा थेट संबंध येत असला पाहिजे. मेजर जे मोठ्या आणि मध्यम अशा दोन्ही वर्गांना लागू होता.

यात एक गोष्ट कुठंच विचारलेली नाही: गाईला बसायला जागा किती, कोंबडीला पंख पसरता येतात का. ही व्याख्या पाण्याच्या प्रदूषणासाठी बनली. प्राण्यांच्या हालांचं माप म्हणून ती कुणी बनवलेली नव्हती.

३. सामान्य लोकांनी मत देऊन कायदा करायचा, ही काय पद्धत? आपल्याकडे असं नसतं.

भारतात अशी तरतूद नाही. कॅलिफोर्नियात १९११ पासून आहे. ठरावीक संख्येनं मतदारांच्या सह्या गोळा केल्या की प्रस्ताव थेट मतपत्रिकेवर येतो. मेजर जे-साठी प्राणिहक्क कार्यकर्त्यांनी सह्या जमवल्या. त्यांत बे एरियात सुरू झालेल्या 'डायरेक्ट ॲक्शन एव्हरीव्हेअर' या संघटनेची माणसं पुढं होती. सह्या पुरेशा भरल्यावर काउंटीच्या सुपरवायझर मंडळानं (काउंटीचा कारभार बघणाऱ्या निवडून आलेल्या मंडळानं) आधी परिणामांचा अहवाल मागवला, मग प्रस्ताव मतदानाला ठेवला आणि स्वतः एकमतानं विरोध जाहीर केला.

या पद्धतीबद्दल मला आदर आहे. पण तिच्यात एक मोठी उणीव आहे: मसुदा एकदा सह्यांसाठी बाहेर पडला की त्यातला स्वल्पविरामही बदलता येत नाही. विधिमंडळात शेतकरी येऊन सांगू शकतो की बाबांनो, कलम असं लिहिलंत तर पावसाळ्यात आमची पंचाईत होईल. इथं ते सांगायची वेळ येते तेव्हा उत्तर फक्त हो किंवा नाही असतं.

४. सातशे गाई म्हणजे कारखानाच झाला की! त्याला गोठा कसं म्हणायचं?

हा प्रश्न गावाकडून सगळ्यात जास्त येतो आणि मी तो समजू शकते. आमच्या घरी चार म्हशी आणि एक गाय होती. प्रत्येकीला नाव होतं. सातशेचा आकडा ऐकून माझेही डोळे विस्फारले होते.

पण आपल्याकडे मोठेपणा गोठ्यात नसतो, संघात असतो. वारणा किंवा गोकुळ हजारो घरांतून पाच-दहा लिटर दूध गोळा करतं. थंड करणं, वाहतूक, पशुखाद्य, डॉक्टर हे सगळं संघ बघतो, आणि घरातली माणसं पहाटे धारा काढतात. त्या मेहनतीची मजुरी कुणी मोजत नाही. इथं मजुरी मोजावी लागते. टाकी, यंत्र, शेणाच्या तळ्याचा परवाना यांचा खर्च एकाच कुटुंबाच्या डोक्यावर असतो. म्हणून दोनशे-तीनशे गाईंचा गोठा इथं 'लहान' समजतात. तुलारेसारख्या मध्य खोऱ्यातल्या काउंट्यांत हजारावर गाईंचे गोठे ही रोजची गोष्ट आहे. सोनोमातली दुग्धशाळा त्या मानानं छोटी, बहुतेक एकाच कुटुंबाची आणि अनेकदा तिसऱ्या-चौथ्या पिढीची.

संख्या मोठी म्हणजे हाल, असं सरळ गणित मांडता येत नाही. दावणीला चोवीस तास बांधलेल्या दोन गाईंचेही हाल होतात. हे मी आपल्याकडेच पाहिलं आहे.

५. म्हणजे प्राण्यांचे हाल झाले तरी चालतील, असं तुमचं म्हणणं आहे का?

नाही. २०१८ मध्ये कॅलिफोर्नियाभर प्रपोझिशन १२ मतदानाला आलं, तेव्हा मी हो म्हटलं होतं. आजही म्हणेन.

त्या कायद्यानं जागेची मापं ठरवली. मांसासाठीच्या वासराला ४३ चौरस फूट, पिलं देणाऱ्या डुकरिणीला २४ चौरस फूट, अंड्यांच्या कोंबडीला आधी एक चौरस फूट आणि २०२२ पासून पिंजराच नाही. आणि ही मापं कॅलिफोर्नियात *विकल्या* जाणाऱ्या मालाला लागू केली, मग तो आयोवातून येवो नाहीतर पेटालुमातून. डुकरं पाळणाऱ्यांच्या राष्ट्रीय संघटनेनं त्याविरुद्ध सर्वोच्च न्यायालयापर्यंत धाव घेतली. न्यायालयानं ११ मे २०२३ ला पाचास चार मतांनी कायदा कायम ठेवला. त्या निकालाचा मला मनापासून आनंद झाला.

आता मेजर जे शेजारी ठेवून बघा. त्यात जागेचं माप नाही. पिंजऱ्याबद्दल शब्द नाही. बाहेरून येणाऱ्या मालावर काही बंधन नाही. ८१,००० कोंबड्या कोंबून ठेवणारा, सांडपाणी बाहेर न सोडणारा त्यातून सुटतो, आणि ८२,००० कोंबड्यांना मोकळ्या शेडमध्ये, मचाणं-घरटी देऊन ठेवणारा बंद होतो. मापदंड घाला, कडक घाला, तपासायला माणसं पाठवा, मी तुमच्यासोबत आहे. पण जनावर कसं जगतं हे न विचारता किती आहेत एवढंच मोजून दाराला कुलूप लावणं मला मान्य नव्हतं.

६. सेंद्रिय दुधाच्या, कुरणात चरणाऱ्या गाई यात कशा अडकल्या असत्या?

पावसामुळं. इथं पाऊस हिवाळ्यात पडतो, साधारण नोव्हेंबर ते मार्च. त्या दिवसांत गाई टेकडीवरच्या कुरणात सोडल्या तर खुरांनी जमीन तुडवली जाते, चिखल होतो आणि माती-शेण ओढ्यात वाहून जातं. म्हणून शहाणा दूधवाला गाई आत घेतो, मुरघास-वैरण घालतो आणि कुरणाला विश्रांती देतो. म्हणजे ४५ दिवसांची अट तो पाण्याच्या काळजीपोटीच पूर्ण करतो.

केंद्राच्या सेंद्रिय नियमांप्रमाणे गाय वर्षात किमान १२० दिवस चरली पाहिजे आणि चरण्याच्या हंगामात तिच्या कोरड्या आहारातला किमान ३० टक्के भाग कुरणातून आला पाहिजे. १२० दिवस चरणं आणि ४५ दिवस आत असणं या दोन्ही गोष्टी एकाच वर्षात आरामात बसतात. त्यामुळं सेंद्रिय शिक्का असलेला गोठाही कॅफोच्या पहिल्या अटीत येतो. पुढं ७०० चा आकडा गाठला, किंवा दोनशेच्या वर असताना सांडपाण्याची अट लागू झाली, की तो मेजर जे-च्या कचाट्यात. मसुद्यात सेंद्रिय गोठ्यांना सूट नव्हती.

७. नेमकी किती पशुपालनं बंद पडली असती? कुणी २१ म्हणतं, कुणी ६०.

प्रस्तावाच्या बाजूचे लोक २१ म्हणत. विरोधातले ६० पर्यंत जाऊ शकतात म्हणत. दोन्ही बाजूंनी आपापला आकडा छातीठोकपणे सांगितला, आणि मला वाटतं विरोधकांनीही 'पर्यंत' हा शब्द जरा जास्त ठळकपणे म्हणायला हवा होता.

फरक आला तो मध्यम कॅफोंमुळं. एखाद्या गोठ्याचं पाणी मुसळधार पावसात चरातून ओढ्यात गेलं की नाही, हे जागेवर जाऊन, वर्षभर बघून ठरतं. घरी बसून यादी करता येत नाही. मतदाराच्या हाती कायदा दिला तेव्हा तो कुणाला लागू होईल हेच पक्कं सांगता येत नव्हतं. दोनशे-तीनशे गाईंच्या मालकानं ती तीन वर्षं कशी काढायची होती? बँक त्याला कर्ज देईल का? मुलगा शिकून परत येईल का?

८. इथले गोठे बंद झाले असते तर काय बिघडलं असतं? दूध-अंडी बाहेरून येतातच.

येतातच, आणि जास्त आली असती. कुठून, तर ज्यांना आपण खरोखर कारखाना म्हणू अशा ठिकाणांहून. मेजर जे-नं सोनोमात *पाळण्यावर* बंदी घातली असती, *विकण्यावर* नाही. म्हणजे दहा मैलांवरचा सातशे गाईंचा गोठा बंद आणि त्याच दुकानात चार तासांवरच्या तीन हजार गाईंच्या गोठ्याचं दूध. एकाही गाईचं आयुष्य त्यानं सुधारलं नसतं.

दुसरं नुकसान हळू दिसतं. गावात दूध संकलन केंद्र बंद झालं की दोन म्हशीवाल्याचं दूधही घरात नासतं, हे आपल्याला सांगायला नको. इथंही तसंच. मोठे दहा-पंधरा गेले की दुधाचा टँकर त्या रस्त्यानं येणं परवडत नाही, खाद्याची गिरणी मुक्काम हलवते, मोठ्या जनावरांचा डॉक्टर दुसऱ्या काउंटीत जातो. मग ज्यांना कायद्यानं हात लावला नव्हता, ते ऐंशी गाईवालेही टिकत नाहीत.

पेटालुमाला एकेकाळी 'जगाची अंड्यांची टोपली' म्हणत. लायमन बायस यांनी १८७९ च्या सुमारास इथंच अंडी उबवण्याचं यंत्र तयार केलं आणि साऱ्या परिसरात खुराडी उभी राहिली. आजही दर वसंतात 'बटर अँड एग डेज'ची मिरवणूक निघते, पण त्या जुन्या खुराड्यांपैकी बहुतेक रिकामी, पत्रे उडालेली आहेत. शेजारच्या पॉइंट रेयसमध्ये जानेवारी २०२५ मध्ये तडजोड झाली आणि राष्ट्रीय किनारपट्टी क्षेत्रातल्या १२ गोठ्यांनी-रँचांनी निघून जायचं मान्य केलं. तो वेगळा वाद आहे, त्याची कारणं वेगळी. पण एकदा गेलेलं परत येत नाही, हे तिथं डोळ्यांनी दिसतं.

९. नदीत जाणारं शेण आणि बर्ड फ्लू, हे मुद्दे खोटे होते का?

अजिबात नाही. २०२३ च्या अखेरीस बर्ड फ्लूमुळं सोनोमात दहा लाखांहून जास्त कोंबड्या-बदकं माराव्या लागली. मी त्या रस्त्यानं रोज जात होते. तो डिसेंबर विसरता येत नाही. एका छताखाली इतके पक्षी असले की रोग एका दिवसात सगळ्यांचा होतो, हे प्रस्तावाच्या बाजूचे लोक सांगत होते ते बरोबरच होतं. पण रानपक्ष्यांकडून येणारा हा विषाणू उघड्यावरच्या कळपालाही गाठतो, त्यामुळं कळप लहान केला की धोका टळला असं होत नाही.

पाण्याचं म्हणाल तर इथल्या गोठ्यांवर प्रादेशिक जलमंडळांची देखरेख आहे. परवाने लागतात, शेणाच्या तळ्यांचे नियम आहेत. अंमलबजावणी ढिली असेल तर तपासनीस वाढवा, दंड वाढवा, लहान गोठ्यांना तळी पक्की करायला अनुदान द्या. याच्यासाठी कुणी सह्या मागायला आलं तर मी स्वतः टेबल टाकून बसेन.

१०. कामगारांसाठी तर प्रशिक्षणाची तरतूद होती ना?

होती. दुसऱ्या कामाचं शिक्षण आणि नोकरी शोधायला मदत काउंटीनं द्यायची, असं लिहिलं होतं. पण धारा काढणारी, अंडी गोळा करणारी बरीच माणसं मालकानं दिलेल्या, शेतावरच्याच घरात राहतात. गोठा बंद झाला की नोकरीबरोबर छप्परही जातं, आणि सोनोमातली घरभाडी त्यांच्या आवाक्यातली नाहीत. मालकांना नुकसानभरपाई देण्याची तरतूद तर नव्हतीच.

११. विरोधाला पैसा कुणी पुरवला? मोठ्या कंपन्यांनीच ना?

विरोधाकडे पैसा कितीतरी जास्त होता, हे खरं आहे. शेतकऱ्यांची फार्म ब्युरो, दुग्धव्यवसायातल्या संस्था, पोल्ट्री कंपन्या यांनी दिला. काउंटीतला एक मोठा ब्रॉयलर उद्योग राष्ट्रीय कंपनीच्या मालकीचा आहे, तेव्हा 'सगळे गरीब शेतकरी' असं चित्र मी रंगवणार नाही. पण काउंटीतले डेमोक्रॅटिक आणि रिपब्लिकन असे दोन्ही पक्ष एकाच बाजूला उभे राहिलेले मी पहिल्यांदा पाहिले, आणि ते पैशानं घडत नाही.

१२. निकाल किती फरकानं लागला? बर्कलीत मात्र असाच प्रस्ताव मंजूर झाला म्हणे?

सोनोमात सुमारे ८५ टक्के मतं विरोधात पडली. त्याच दिवशी बर्कली शहरात मेजर डीडी मंजूर झाला, तोही कॅफोबंदीचाच. फरक एवढाच की बर्कलीत बंद करायला एकही कॅफो नव्हता. त्याच दिवशी डेन्व्हर शहरात कत्तलखानाबंदीचा प्रस्तावही पडला. तिथं तो मेंढ्यांच्या एका कत्तलखान्यालाच लागू होणार होता, आणि तो कामगारांच्याच मालकीचा होता. ज्यांच्या ओळखीतला माणूस त्या धंद्यात आहे तिथं लोकांनी मसुदा बारकाईनं वाचला, असं माझं निरीक्षण आहे.

१३. स्वित्झर्लंडसारख्या देशानंही असं काही नाकारलं का?

हो, कारखानी पशुपालनावर बंदी घालणारा प्रस्ताव, २५ सप्टेंबर २०२२ च्या देशव्यापी मतदानात. सुमारे ६३ टक्के लोकांनी नाही म्हटलं. होकार देणारं बाझेल-श्टाट हे एकच कँटन (तिथलं राज्य). मामला मात्र वेगळा होता. स्वित्झर्लंडमध्ये कोंबड्यांचे पिंजरे १९९१ अखेरीपासूनच बंद आहेत आणि एका ठिकाणी १८,००० हून जास्त अंड्यांच्या कोंबड्या ठेवता येत नाहीत. नवा प्रस्ताव २०१८ च्या सेंद्रिय नियमांइतकी मापं संविधानात घालू पाहत होता, पंचवीस वर्षांपर्यंतची मुदत देत होता आणि आयात मालालाही तीच अट लावत होता. मेजर जे-पेक्षा तो मसुदा मला कितीतरी विचारपूर्वक लिहिलेला वाटतो. तिथं मत द्यायचं असतं तर मी बराच वेळ पेन हातात धरून बसले असते.

१४. भावाभावांत वाटणी करून साडेतीनशे-साडेतीनशे गाई केल्या असत्या तर कायद्यातून सुटले असते ना?

हा प्रश्न सांगलीहून आला आणि चांगला आहे. नुसती कागदावर वाटणी चालत नाही. केंद्रीय नियमाप्रमाणे एकाच मालकीचे दोन गोठे शेजारी असतील, किंवा त्यांचं शेण-सांडपाणी एकाच व्यवस्थेत जात असेल, तर ते एकच धरतात. खरोखर वेगळी मालकी आणि वेगळी व्यवस्था केली तर दोन धरतील. पण मग धार काढायची दुसरी यंत्रणा आणि दुसरं शेणाचं तळं यांचा खर्च आला. शिवाय दोनशेच्या वर असल्यानं मध्यम वर्गाची टांगती तलवार राहतेच (प्रश्न २ पाहा).

१५. शहराच्या हद्दीतल्या लोकांना आणि घरामागं दहा कोंबड्या पाळणाऱ्यांना काय झालं असतं?

काही नाही. काउंटीचा असा कायदा शहरांच्या हद्दीबाहेरच्या भागाला लागू होतो, आणि दहा कोंबड्या कुठल्याच वर्गात येत नाहीत. पण यामुळंच मला एक गोष्ट खटकत होती: सांता रोझा, पेटालुमा अशा शहरांतले मतदार संख्येनं जास्त, आणि ज्या जमिनीवर कायदा लागणार ती त्यांच्या हद्दीबाहेरची. त्या मतदारांनीही नाकारला, याचं मला फार समाधान वाटलं.

१६. मंजूर झाल्यावर एखादी चूक निघाली असती तर काउंटीला दुरुस्ती करता आली असती ना?

इथंच खरी अडचण होती. कॅलिफोर्नियाच्या निवडणूक कायद्याप्रमाणे, सह्यांच्या मार्गानं आलेला आणि मतदारांनी मंजूर केलेला काउंटीचा कायदा पुन्हा मतदान घेतल्याशिवाय बदलता किंवा रद्द करता येत नाही. अपवाद एकच: मूळ मसुद्यातच तशी मुभा दिलेली असेल तर. म्हणजे ४५ दिवसांच्या अटीनं एखादा सेंद्रिय गोठा विनाकारण अडकला, हे सगळ्यांना दिसलं, सुपरवायझरांनाही पटलं, तरी त्यांच्या हातात काही नाही. पुन्हा मतदान घ्यायचं, आणि तोवर दंडाचं मीटर दिवसाला चालू. म्हणून असा कुठलाही मसुदा हातात आला की मी आधी त्यातलं दुरुस्तीचं कलम शोधते, मग मुदतीचं, आणि त्यानंतर पहिल्या पानावरची उद्दिष्टं वाचते.